रुपरावांचे रातकिडे

नागपूरला लागून असलेल्या वाडीत, ट्रान्सपोर्टच्या गोदामांमागं जी वस्ती आहे तिथं येऊन ‘रुपराव गजभिये कुठं राहतात’ असं विचारलं असतं, तर चारचौघांनी डोकं खाजवलं असतं. पण ‘किड्यावाले काका’ म्हटलं, की पंक्चरवाल्यापासून पिठाच्या गिरणीवाल्यापर्यंत कुणीही हात करून निळ्या दाराचं घर दाखवी. हात करताना त्यातले निम्मे तोंड वाकडं करीत, पण दाखवीत हे खरं.

रुपराव घरात किडे वाढवीत. घरात आपोआप होतात ते किडे नव्हेत. तसले तर सगळ्यांकडेच होतात आणि त्यासाठी कुणाला कष्ट पडत नाहीत. रुपरावांचे किडे मुद्दाम वाढवलेले, वेळेवर जेवू घातलेले, वयाप्रमाणे वेगळे काढलेले. मागच्या खोलीत लोखंडी मांडणीवर प्लॅस्टिकचे मोठे डबे, काहींत रातकिडे, काहींत कोंड्यामध्ये वळवळणाऱ्या पिवळ्या अळ्या. हे सगळं कशासाठी, तर शहरात आजकाल हौसेनं सरडे पाळणारी माणसं झाली आहेत. कुणाकडे दाढीवाला परदेशी सरडा, कुणाकडे ठिपक्याठिपक्यांची पाल. या जनावरांना पोळी चालत नाही, भात चालत नाही. त्यांना जिवंत, टुणटुणीत किडा लागतो, आणि तसा किडा या मंडळींना खात्रीनं मिळे तो रुपरावांकडेच.

त्यांची रीतच तशी होती. डब्यात अंड्यांचे कागदी ट्रे उभे लावलेले, म्हणजे किड्यांना एकमेकांच्या अंगावर न पडता राहता येतं. पाण्याची वाटी ठेवायची नाही, रातकिडे त्यात बुडून मरतात. ओला कापूस ठेवायचा. माद्या ओल्या वाळूत अंडी घालतात, ती वाळू वेळेवर दुसऱ्या डब्यात न्यायची, नाहीतर आईबापच अंडी फस्त करतात. मग एका सकाळी त्या वाळूतून मुंगीएवढी पिल्लं शेकड्यांनी बाहेर पडत, आणि रुपराव चष्मा कपाळावर चढवून त्यांच्याकडे इतका वेळ बघत बसत, की शामलाबाई म्हणत, “मेघा झाली तवा तं तुमी एवढं नाही पाह्यलं.”

शामलाबाई म्हणजे त्यांची बायको. बोलायला तिखट, आणि बोलून झालं की मुकाट्यानं तेच काम करायला लागणारी. रोज सकाळी त्या बुद्धांच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोसमोर वंदना घेत, पंचशील म्हणत. म्हणून झालं की मागच्या खोलीकडे हात करून नवऱ्याला सुनावीत, “सकाळी म्हनते, जीव मारनार नाही. अन् दुपारी दोनशे जीव पाकिटात भरून देते. कोन्या हिशेबात बसते हे?”

“मी मारत नाही वं. मी जगवतो,” रुपराव म्हणत.

“हो जी. बकरेवालाबी हेच म्हनते.”

यावर रुपराव हसत. ते हसत, हीच मोठी गोष्ट होती. का, ते सांगायला थोडं मागं जावं लागेल.

रुपराव शहरातल्या एका कॉलेजात, प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत चौतीस वर्षं अटेंडंट होते. झुरळं-गांडुळं आणून द्यायची, ट्रेमध्ये मेण ओतायचं, प्रॅक्टिकल संपलं की सगळं धुऊन जागेवर ठेवायचं. पुढं कापाकापी बंद झाली, तरी संशोधनासाठी टोळांचे पिंजरे आणि फळमाश्यांच्या बाटल्या राहिल्याच. त्या सांभाळण्यात रुपरावांचा हात धरणारा कुणी नव्हता. कुणाच्या बाटलीला बुरशी आली, कुणाच्या माश्या मेल्या, की धावत रुपरावांकडे. त्या माश्यांवर अभ्यास करून किती तरी जण डॉक्टर झाले, त्यांनी रुपरावांना पेढेही दिले. हाक मात्र चौतीस वर्षं एकच राहिली, ‘ए रुपराव’. काल नोकरीला लागलेला चोवीस वर्षांचा मास्तरही आठ दिवसांत ‘ए रुपराव’ म्हणायला शिके. याचं त्यांना वाईट वाटे, पण ते कुणाला सांगण्यासारखं वाईट नव्हतं, म्हणून त्यांनी सांगितलं नाही.

मग एक शाल घेऊन ते निवृत्त झाले आणि घरी येऊन बसले. बसले म्हणजे अक्षरशः बसले. दाढी करीनात. घास हातात घेऊन कुठं तरी बघत राहत. मुलगी मेघा लग्न होऊन चंद्रपूरला गेलेली, तिचा फोन आला तर ‘बरा हाय’ एवढंच बोलून आईकडे देत. शामलाबाई घाबरून गेल्या. दारू पिणाऱ्या नवऱ्याला कसं आवरायचं ते वस्तीतल्या बायांना माहीत होतं, पण नुसत्या गप्प नवऱ्याचं काय करायचं हे कुणालाच सांगता येईना.

अशात रामदासपेठेतली कामिनी त्यांच्या दारात आली. बँकेत नोकरी करणारी, एकटी राहणारी पस्तिशीची बाई, आणि तिच्या हातातल्या टोपलीत टॉवेलवर पडलेला दाढीवाला सरडा. त्याचे पाय थरथरत होते. जनावरांच्या डॉक्टरनं औषध दिलं होतं आणि सांगितलं होतं, की याच्या खाण्याचं काही तरी चुकतंय, आमच्या कॉलेजातल्या रुपरावांना विचारा. तो डॉक्टर कधी काळी त्यांच्याच प्रयोगशाळेत शिकलेला.

“काय देता याले?” रुपरावांनी विचारलं.

“किडेच देते. कुरियरनं मागवते.”

“म्हनजे चार दिवस उपाशी येत असतीन ते. उपाशी किड्यात काय असते? नुसतं टरफल. आधी किड्याले जेवू घाला, मंग याले.”

त्यांनी स्वतः थोडे किडे आणवून घेतले. दोन दिवस गाजर, कोहळ्याच्या फोडी, पालक खाऊ घातला, कॅल्शियमच्या पुडीत घोळवले आणि डब्यात घालून दिले. पुढं ते दर आठवड्याला देत राहिले. दोनेक महिन्यांनी कामिनीचा फोन आला. “सर, तो फांदीवर चढला आज. तुमच्यामुळं वाचला, सर.”

रुपरावांनी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन सांगितलं, “मले सर म्हने.” जेवताना पुन्हा सांगितलं. शामलाबाईंनी त्या दिवशी काही टोमणा मारला नाही. दुसऱ्या दिवशी मागच्या खोलीतली धान्याची कोठी त्यांनीच ओढून बाहेर काढली आणि म्हणाल्या, “ठेवा तुमचे डबे इथं.”

कामिनीनं चार जणांना सांगितलं, चारांनी आणखी दहांना. निळ्या दारासमोर चांगल्या घरच्या गाड्या थांबू लागल्या. माणसं आत येत, खुर्चीवर बसत आणि ‘सर, तो शेपूट का आपटतो’, ‘सर, तो कात टाकेना’ असं विचारीत. रुपराव रोज दाढी करू लागले.

किड्यांच्या कामात एक काम मात्र त्यांना धड जमत नसे, ते चाळण्याचं. आठवड्याभरात डब्याच्या तळाशी किड्यांच्या लेंड्या, टाकलेली कात, मेलेल्यांचे पाय, उरलेला भुसा असा काळपट चुरा साचतो. तो चाळून टाकावा लागतो, आणि त्याच चुऱ्यात बारकी पिल्लं लपलेली असतात. रुपराव घाईनं चाळीत आणि पिल्लं कचऱ्यात जात. दोनदा बघून शामलाबाईंनी त्यांच्या हातातली चाळणी काढून घेतली. “जन्मभर पीठ चाळलं मी. द्या इकडे.” तेव्हापासून दर रविवारी, विहारातून आल्यावर, त्या अंगणात पाट मांडून बसत, नाकावर पदर घेत आणि हलक्या मनगटानं चाळीत. एक पिल्लू वाया जात नसे. चाळणीखाली पिवळट, बारीक धूळ उडे आणि उन्हात कितीतरी वेळ तरंगत राही.

तिसऱ्या हिवाळ्यात शामलाबाईंना खोकला लागला.

वाडीत खोकल्याला कुणी विचारत नाही. अमरावती रोडला दिवसरात्र ट्रक, गोदामांसमोर कच्ची जागा, दारंखिडक्यांवर बोटभर धूळ. दर तिसऱ्या घरात कुणी तरी खोकतंच. शेजारच्या पंचफुलाबाई म्हणाल्या, “धूळ खाऊन राहिली वं ते तुले.” शामलाबाईही तेच म्हणाल्या. हळद-दूध झालं, अडुळसा झाला. खोकला थोडा बसे आणि रविवार गेला की सोमवारी पुन्हा उठे. हे सोमवारचं कुणाच्या ध्यानात आलं नाही. म्हणजे एकाच्या आलं होतं. पण त्यानं त्याकडे कानाडोळा केला.

मग उन्हाळा आला. नागपूरचा उन्हाळा माणसं कशीबशी काढतात, रातकिडे काढत नाहीत. पारा चव्वेचाळीसच्या पुढं गेला, की मागच्या पत्र्याच्या खोलीत ते उलटे पडू लागत. म्हणून दरवर्षी एप्रिल लागला की रुपराव सगळे डबे उचलून पुढच्या खोलीत आणीत, जिथं खिडकीला कूलर होता आणि नवरा-बायको झोपत. कूलरच्या हवेत किडे सुखात राहत, दुप्पट वाढत. मांडणी खिडकीलगत, तिच्यासमोर शामलाबाईंचा पलंग. कूलर दिवसरात्र चाले, आणि डब्यांवरून गेलेली गार, ओलसर हवा थेट त्यांच्या उशाशी येई. त्यांना ती जागा आवडे. उकाडा त्यांना सोसत नसे, म्हणून रुपरावांनीच पलंग त्या झोतात सरकवून दिला होता, तोही प्रेमानं. हे लिहिताना माझा हात अडखळतो, पण झालं ते असंच झालं.

मे महिन्यात शामलाबाईंना न्हाणीघरापर्यंत जाताना दम लागू लागला. तेव्हा रुपराव त्यांना रामदासपेठेतल्या एका छातीच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. डॉक्टर तरुण होता, शांत होता. त्यानं पाठीला नळी लावून बराच वेळ ऐकलं. कुठं राहता विचारलं. वाडी म्हटल्यावर मान हलवली. मग लिहिता लिहिता त्यानं विचारलं, “घरी काही पाळता का? कुत्रा, मांजर, पक्षी, काहीही?”

“नाही जी,” शामलाबाई म्हणाल्या. पटकन म्हणाल्या. आणि नवऱ्याकडे पाहिलं.

रुपरावांना त्या क्षणी लहानू आठवला. कॉलेजात त्यांच्याबरोबरचा अटेंडंट, टोळांचे पिंजरे त्याच्याकडे होते. वर्षभरात तो शिंकायला, मग धापा टाकायला लागला. विभागाच्या मोठ्या सरांनी एका दिवसात निर्णय घेतला, याला आधी या खोलीतून काढा, ही किड्यांच्या घाणीची धूळ आहे, पुढं छाती धरेल. लहानूला ग्रंथालयात टाकलं, चार महिन्यांत तो ठणठणीत झाला. लहानूचे पिंजरे ज्यानं उचलून आपल्या ताब्यात घेतले, तो माणूस रुपरावच होता. डॉक्टरच्या प्रश्नाचं उत्तर त्या खोलीत एकट्या आपल्यालाच माहीत आहे, असं त्यांना वाटलं.

ते मूग गिळून बसले.

डॉक्टरनं दम्याचा पंप लिहून दिला. धुळीपासून जपा म्हणाला. दोघं लिफ्टनं खाली आले, सीताबर्डीला बस बदलली, वाडी नाक्याला उतरले. वाटेत शामलाबाईंनी दोनतीनदा त्यांच्याकडे पाहिलं. रुपराव खिडकीबाहेर बघत होते.

त्यांनी काहीच केलं नाही असं नाही. अर्ध्या मनाचा माणूस जे करतो ते सगळं केलं. चाळणी हातात घेतली, शामलाबाईंना तोंडावर बांधायला मास्क आणून दिला. एकदा सगळे डबे मागच्या खोलीत नेऊन ठेवले. दुसऱ्या दिवशी दुपारी झाकणं काढली तर हजारोंनी किडे पाय वर करून पडलेले, आणि वास असा की उभं राहवेना. जे वाचले त्यांना घेऊन ते पुन्हा कूलरच्या खोलीत आले. “पाऊस पडला का नेतो मागं,” ते म्हणाले. शामलाबाई पलंगावर उठून बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “ठेवा.”

पावसाळ्यात डबे मागं गेले, पण घरातून गेले नाहीत. कारण तोवर कामिनीनं एक कार्यक्रम ठरवला होता. शहरातले सरडे पाळणारे सगळे एकत्र जमणार आणि रुपराव त्यांना किडे कसे वाढवायचे ते सांगणार. फलक छापून आला, त्यावर ‘मार्गदर्शक: रुपराव गजभिये सर’. रुपरावांनी मनाशी ठरवलं, कार्यक्रम होऊ दे, मग सगळं काढून टाकू. शामलाबाईंनी त्यांच्या सदऱ्याला इस्त्री केली, मधे दोनदा थांबून, टेबलाला धरून. हॉल दुसऱ्या मजल्यावर होता म्हणून त्या गेल्या नाहीत. रुपराव पाऊण तास बोलले. माणसं वहीत लिहून घेत होती. घरी येऊन त्यांनी सगळं सांगितलं, कोण काय म्हणालं, टाळ्या कशा वाजल्या. त्या पंप ओढून ऐकत राहिल्या.

कार्यक्रमानंतर माणसं आणखी वाढली. डबे काढायचे राहून गेले.

ऑक्टोबरात, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला मेघा आली. दरवर्षी आई तिच्याबरोबर दीक्षाभूमीवर जाई आणि गावोगावहून आलेल्या लोकांसाठी पोळ्या करून नेई. या वर्षी आई तिसरी पोळी लाटताना खाली बसली आणि तिचे ओठ निळे पडले. मेघानं तशीच रिक्षा केली. त्याच डॉक्टरनं या वेळी छातीचा स्कॅन करवला, फिल्म उजेडावर लावून बराच वेळ पाहिली आणि वळून म्हणाला, “हा साधा दमा नाही. कशाची तरी धूळ रोज छातीत जातेय, वर्षानुवर्षं. मी पुन्हा विचारतो. घरात पक्षी? कबुतरं? भुसा, कोंडा, किडलेलं धान्य, काही?”

“बाबा किडे पाळतात,” मेघा म्हणाली. तिला त्यात काही विशेष वाटलं नव्हतं. “डबेच्या डबे आहेत घरी.”

डॉक्टरनं जुना कागद काढून पाहिला. मग म्हणाला, “मी मे महिन्यात विचारलं होतं. का नाही सांगितलं?”

“मीच नाही म्हटलं होतं जी,” शामलाबाई म्हणाल्या. “मले वाटलं, किड्यानं काय होते. माहीच चूक झाली.”

रुपराव बाजूच्या खुर्चीवर बसून होते. बोलायला दुसरी संधी समोर आली होती आणि तीही त्यांनी जाऊ दिली. डॉक्टर म्हणाला, मेमध्ये कळलं असतं तर बरंच वाचलं असतं. आता आतून वण धरलेत, गेलेलं परत येणार नाही, उरलेलं किती टिकतं ते बघू.

किडे दोन दिवसांत घरातून गेले. कामिनी आणि तिच्या ओळखीचे लोक येऊन डबे घेऊन गेले. तिनं कारण विचारलं, तेव्हा रुपराव म्हणाले, आता होत नाही माझ्यानं. मग त्यांनी दोन्ही खोल्या फिनाईलनं धुतल्या, चुना मारला, गाद्या उन्हात टाकल्या, कूलरच्या जाळ्यांतलं गवत उपटून फेकलं. घर असं स्वच्छ झालं, की पंचफुलाबाई बघायला आल्या. शामलाबाईंच्या छातीला त्याचा काही उपयोग नव्हता. नोव्हेंबरात घरात ऑक्सिजनचं यंत्र आलं, नाकाला नळी लागली.

मेघा महिन्यातून दोनदा येई आणि आल्या आल्या आईवर चिडे. “काहून लपवलं तू, आई? डॉक्टर तोंडानं विचारून राहिला होता. बाबाच्या किड्यासाठी एवढं? एक शब्द बोलली असती तं हे दिवस आले असते का?” चिडून झालं की रडे. आई तिच्या डोक्यावरून हात फिरवी. रुपराव त्या वेळी दुसऱ्या खोलीत असत, नाहीतर पाणी भरत. भिंत पातळ होती, सगळं ऐकू येई.

डिसेंबरात एका दुपारी शामलाबाईंना अंगणात ऊन घ्यायला बसवलं होतं. रुपराव संत्रं सोलून एकेक फोड त्यांच्या हातात देत होते. बी काढलेली, शिरा काढलेली. मधेच त्यांचा हात थांबला.

“शामला, मले मालूम होतं,” ते म्हणाले. “डॉक्टरनं पह्यल्यांदा विचारलं तवाच. कॉलेजात लहानूले असंच झालं होतं. मले सारं मालूम होतं.”

शामलाबाईंनी फोड तोंडात टाकली. गिळायला त्यांना वेळ लागे.

“हो,” त्या म्हणाल्या. “लहानूचं तुमीच तं सांगतलं होतं मले. तवाच. घरी येऊन.”

रुपरावांना ते आठवत नव्हतं. वीस वर्षांपूर्वी कधी तरी जेवताना सांगितलं असणार.

“मंग तू नाही काहून म्हटलं?”

“तुमचं तोंड पाह्यलं.” त्यांनी श्वास घेतला. “मले वाटलं, मी नाही म्हनते. हे हो म्हनतीन.” पुन्हा श्वास. “लिफ्टपर्यंत वाट पाह्यली. बसमधी पाह्यली. नाक्यावर उतरलो तवा म्हटलं, आता घरी जाऊन सांगतीन.”

आवाजात राग नव्हता. रागाला लागतो तेवढा श्वासच त्यांच्यापाशी उरला नव्हता. रुपराव हातातलं अर्धं संत्रं धरून बसले. थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, “द्या नं फोड,” आणि त्यांनी दिली.

फेब्रुवारीत शामलाबाई गेल्या.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला अख्खी वस्ती लोटली. दारासमोर मांडव, मेणबत्त्या, शामलाबाईंचा हसरा फोटो. भन्तेजींनी वंदना घेतली. मग विहाराच्या कमिटीतले भैय्याजी बोलायला उठले. म्हणाले, शामलाबाईसारखी माउली या धुळीनं आपल्यातून ओढून नेली. आज त्या गेल्या, उद्या आपला नंबर आहे. गोदामवाल्यांना कुणी विचारणार की नाही? लोकांनी माना हलवल्या. मेघा पुढच्या रांगेत डोकं खाली घालून बसली होती.

रुपराव उभे राहिले. त्यांना कुणी बोलायला सांगितलं नव्हतं.

“धुळीनं नाही,” ते म्हणाले. “माह्या किड्यानं गेली ते. मेमधी डॉक्टरनं विचारलं, घरी काही पाळता का. मले मालूम होतं काय होऊन राहिलं ते. मी बोललो नाही. तिनं आपल्यावर घेतलं. तिची काही चूक नव्हती.”

मांडवात चुळबुळ झाली. भैय्याजींनी पुढं होऊन त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्यांना खुर्चीवर बसवलं. “असं नका बोलू रुपरावजी. दुःखात मानसाले असंच वाटते.” कुणी पाणी आणून दिलं. पंचफुलाबाई पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, “किती जीव होता बायकोवर, पाहा.” आणि सगळ्यांना ते पटलं. तिथं बसलेल्या शंभर-सव्वाशे माणसांत एकानंही रुपरावांच्या बोलण्यावर विश्वास ठेवला नाही, फक्त मेघानं ठेवला. तिनं डोकं वर करून बापाकडे पाहिलं होतं आणि मग नजर काढली नव्हती.

जेवणं झाली, लोक गेले, मांडववाले खुर्च्या गोळा करू लागले. मेघानं बॅग भरली. ती आठ दिवस राहणार होती. बाहेरच्या खोलीत येऊन तिनं एकच विचारलं, “मी आईले इतकं बोलत होती, ते तुमी ऐकत होते?”

“हो,” रुपराव म्हणाले.

ती फोटोसमोर गेली, हात जोडून बराच वेळ उभी राहिली. मग बॅग उचलली. रुपराव दारातच उभे होते, बाजूला व्हायचं त्यांना सुचलं नाही. मेघा अंग चोरून त्यांच्या बाजूनं निघाली आणि चंद्रपूरची बस धरायला गेली.